नकाशावरचं समाजमंदिर

कुणी फार गोड बोलायला लागलं की माझे कान टवकारतात. त्या संध्याकाळी बिल्डरच्या माणसाने सगळ्यांना वडापाव वाटले, वर पेढेही दिले, तेव्हाच मला वाटलं, काहीतरी शिजतंय.

कोपरीतली आमची चाळ पाडून तिथे इमारत उभी राहणार होती. त्यासाठीची सभा आमच्या समाजमंदिरात भरली होती. समाजमंदिर म्हणजे देऊळ नव्हे, एक साधा मोठा हॉल. रविवारी आमची बुद्धवंदना तिथेच, शेजाऱ्यांच्या सत्यनारायणाच्या पंगती तिथेच, सगळ्यांच्या हळदी तिथेच आणि रोज संध्याकाळी चाळीतल्या पोरांचा अभ्यासही तिथेच. माझी मुलगी आठवीत, तिच्यामागे धाकटा. नवं घर मिळणार तेही एका बेडरूमचं, आणि माणसं आम्ही सहा. घरात टीव्ही, कुकर आणि सासूबाईंचा खोकला. त्यामुळे नव्या इमारतीत हा हॉल हवा, एवढं एकच माझं मागणं होतं.

भिंतीवर नकाशा लावला होता. गेटजवळच्या मोठ्या चौकोनात लिहिलं होतं, ‘मंदिर’. टाळ्या पडल्या. सगळे ज्यांना भाऊ म्हणतात त्या आमच्या पुढाऱ्यांनी मूर्ती आपण देणार असल्याचं तिथेच जाहीर केलं. समाजमंदिरातलं मंदिर तेवढं उरलं होतं, समाज गळला होता.

“हॉल कुठंय?” मी विचारलं.

“हाच तो. आर्किटेक्ट बाहेरचा आहे, त्याला वाटलं समाजमंदिर म्हणजे मंदिरच,” बिल्डरचा माणूस हसत म्हणाला. “पण आता लोकांची भावना बघा ना.”

भाऊंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, “ताई, तुमचा देवाला विरोध आहे का?”

माझं आडनाव, बौद्ध घरातलं, तिथे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागलेल्या शेजारच्या रत्नागिरीच्या काकूसुद्धा खाली मान घालून बसल्या. नकाशात हे चुकून झालं यावर माझा क्षणभरही विश्वास बसला नाही. एकदा देव बसला की त्याला उठवायला कुणी धजणार नाही, हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. आणि काकूंनाही ठाऊक असणार, असं मला वाटत राहिलं.

सकाळी काकू दारात उभ्या. “अगं, रागावलीस ना? भाऊ सभेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आलेले. आमच्या मुलाला मंदिराचा ट्रस्टी करतो बोलले. आमचे हे लगेच हो म्हणाले.”

“आणि तुम्ही?”

“मला कोण विचारतंय.”

एरवी चहाशिवाय न हलणारी ही बाई त्या दिवशी चहा न घेताच गेली. मला तेही खटकलं.

पुढच्या सभेत मात्र काकू उभ्या राहिल्या. “देव आमच्या घरात आहे. त्याला कोनाडा पुरतो, पोरांना नाही पुरत. आम्हाला हॉलच पाहिजे.” नवऱ्याने पदर ओढला तरी बसल्या नाहीत. मग एकेक बाई हो म्हणू लागली. मला भरून आलं. माझ्या संशयाची लाजही वाटली.

बिल्डरच्या माणसाने वादच घातला नाही. “जशी तुमची इच्छा,” म्हणत त्याने पिशवीतून दुसरा नकाशा काढून भिंतीवर लावला. तो तयार होता, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी फक्त शब्द शोधला. ‘समाजमंदिर’, पुरा शब्द होता. मंजुरीसाठी पहिला हात मी वर केला, दुसरा काकूंनी. ठराव पास झाला.

माझी मुलगी नकाशाजवळ जाऊन बोट फिरवत होती. गेटजवळच्या चौकोनात आता दुकानं होती. समाजमंदिर मागे गेलं होतं, पार्किंगच्या पोटात, पंपाच्या खोलीला चिकटून.

“आई, याला खिडकी कुठंय?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. भाऊ सगळ्यांचे आभार मानत होते, आणि बिल्डरचा माणूस नकाशा गुंडाळायला लागला होता.