रांगेबाहेरचं नाव

ती घटना आठवली की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. शिपाई म्हणून भरती होऊन मी ठाणेदार झालो, कुणाचा हात डोक्यावर नव्हता. दुसऱ्याच्या माथी फुकटचा दोष मारलेला मला म्हणूनच खपत नसे.

अमडापूर भागातल्या एका सोयाबीन खरेदी केंद्रावरची ऑपरेटर बाई गरिबांचा माल बड्यांच्या नावावर चढवते, अशी खबर आली. पाठोपाठ एका शेतकऱ्याची फिर्याद, की त्याच्या सोयाबीनची पावती गावातल्या बड्या असामीच्या, दादासाहेबांच्या नावानं निघाली. वरून फोन आला, "आजच अटक दाखवा."

मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या. मग बोलू."

महिला शिपायासमोर बसवून मी बाईवर आवाज चढवला. ती रडली नाही.

"साहेब, म्या त्याचंच नाव उघडलं होतं."

"मग बदललं कोणी? भुतानं?"

"मले काय मालूम? पण अटक झाली तं नोकरी जाईन, अन् गावात जन्मभर चोट्टी म्हणून राहीन."

जबाबातून काही निघेना. तिला आणि फिर्यादीला केंद्रावर नेलं. म्हटलं, "त्या दिवशी केलं तस्संच करा." तिनं त्याचं नाव उघडलं. तेवढ्यात फिर्यादीच बोलला, "मधात दादासाहेब आले होते ना. त्यायले कोण रांगेत उभं करते?"

आमच्याकडे रीतच तशी. बाईनं याची नोंद अर्धवट ठेवून, त्याच संगणकावर दुसऱ्या खिडकीत दादासाहेबांचं नाव उघडलं होतं. मग पहिल्या खिडकीत परतून वजन भरलं. मी तेच पुन्हा करायला लावलं. पडद्यावर नाव शेतकऱ्याचं, पावती निघाली दादासाहेबांची!

सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, एका लॉगिनमागे सिस्टिम शेवटी उघडलेलं एकच नाव लक्षात ठेवते. दोन खिडक्या उघडायच्याच नाहीत."

"हे बाईला सांगितलं होतं?"

"नाही."

माझं डोकं फिरलं. "मग प्रत्येक खिडकीची नोंद वेगळी ठेवा आणि चूक तुमची असं लेखी द्या. नाही तर आरोपींत तुमचं नाव घालतो." त्यानं बरीच घासाघीस केली. मी तसूभर हललो नाही. दिवस मावळायच्या आत पत्र आलं आणि बाई ताठ मानेनं घरी गेली.

प्रशस्तिपत्र मात्र सायबर शाखेला मिळालं. त्यांचा एकही माणूस केंद्रावर फिरकला नव्हता. तो काटा निवृत्तीनंतरही सलतो.

माणसानं काय केलं हे विचारण्याआधी, ते करताना मध्ये कोण आलं हे विचारावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. पुढच्या हंगामात केंद्रावर गेलो. सिस्टिम सुधारली होती. तेवढ्यात दादासाहेबांची गाडी आली आणि तोच फिर्यादी रांगेतून बाजूला झाला.

मी खेकसलो, "काऊन सरकला बे?"

तो ओशाळून हसला. "सवय हाय, साहेब."