दवाखाना आला

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी मी एक जुनी गाडी घेतली. तिच्या मागच्या दारांचं पॉवर लॉक अडकायचं. दारव्ह्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने दाराचं आतलं कव्हर काढून मोटर साफ केली. काम करताना तो हळूच कुणाशी तरी बोलत होता.

"कोणाशी बोलता, मिस्त्री?" मी विचारलं.

"ही गाडी मी ओळखतो. फवारणीचं विष अंगात गेल्यावर माह्या लहान्या भावाले याच गाडीत यवतमाळले नेलं. दवाखान्यासमोर लॉक उघडलंच नाही. काच फोडेपर्यंत तो गेलता."

त्याने बटण दाबलं. लॉक खट्‌कन उघडलं. दार धरून तो रिकाम्या सीटला म्हणाला, "उतर रे बाबू, दवाखाना आला."

मग तो वाट देत बाजूला सरला. मीही सरलो.