बाळंतिणीचं ताट

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ हसायचं थांबलं, हे आमच्या घरात सगळ्यात आधी आईला कळलं. तिचं कुणी ऐकून घेतलं नाही. पण ते सांगायचं तर बहिणीच्या जेवणापासूनच सुरुवात करावी लागेल.

आमचं घर भिवंडीकडे, कोनजवळच्या बौद्धवाड्यात. बाबांनी सगळी उमर पॉवरलूमवर काढली. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले आणि त्याच खडखडाटातून आम्हा दोघा भावंडांची फी निघाली. घरातला पहिला पदवीधर मी. आईबाबांचा आणि गावच्या शाळेतल्या बाईंचा त्यासाठी मी जन्माचा ऋणी आहे. बहीण माझ्या मागून शिकली आणि माझ्या पुढे गेली. मी दापोड्याला एका गोडाऊनच्या ऑफिसात बसतो, ती एम.एस्सी. झाली. तिच्या शब्दाला घरात वजन होतं, आणि ते तिनं अभ्यास करून मिळवलेलं होतं.

कॉलेजात असताना ती एकदा माझ्याबरोबर तबेल्यावर दूध आणायला आली. एका म्हशीचं रेडकू मेलं होतं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीच्या तोंडापुढे उभं केलं होतं. म्हैस त्याला चाटत होती आणि खाली बादलीत धार पडत होती.

"बच्चा नहीं दिखेगा तो दूध नहीं उतारेगी," तबेलेवाला सहज म्हणाला.

बहिणीनं त्या दिवशी चहा घेतला नाही. मग मटण सुटलं, मच्छी सुटली, अंडं सुटलं आणि शेवटी दही-तूपही. बाबांना ते झेपेना. ते मोठ्यानं बोलायचे, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं.

"तुझ्या आज्यानं मेलेल्या ढोराचं मटण सोडलं ते मानूस म्हनून उभं रहायला! तू हायस की उभी!"

"त्यांनी सोडलं तेव्हा त्यांनाही लोक हसलेच असतील ना, बाबा? आणि आपण विहारात काय म्हणतो दर रविवारी? प्राणिहत्या करणार नाही. मग घरी येऊन काय शिजवतो?"

बाबांनी ताट पुढे ओढलं आणि जेवू लागले. त्यांना ऐकू आलं की नाही, ते कळलं नाही. आईचं दुखणं वेगळं होतं. "जे आपल्या ताटाला नाक मुरडायचे, त्यांचंच ताट तू उचललंस, बाय," ती म्हणाली.

तेही खरं नव्हतं. त्याच सुमारास मी काल्हेरला भाड्यानं फ्लॅट बघत होतो. एजंटानं आडनाव विचारलं आणि लगेच, नॉनव्हेज खाता का, हे विचारलं. घरी येऊन सांगितलं तर बहीण हसत सुटली. "दादा, माझ्या नावावर घे. मी दूधसुद्धा पीत नाही, त्यांच्याहून दोन पायऱ्या वर. बघू, मला तरी देतात का!" तिनं जे सोडलं होतं ते कुणाच्या पंगतीला बसण्यासाठी नव्हतं. हे मला तेव्हाच पटलं होतं, आजही पटतं.

पुढे तिचं लग्न झालं. जावई पुण्याला नोकरीला, स्वभावानं गरीब, तिच्या खाण्याच्या आड कधी आला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर ती आमच्याकडे आली. बाळ झालं, चांगलं गुटगुटीत.

आणि आईपुढे बाळंतिणीचं ताट उभं राहिलं. आमच्याकडे बाळंतिणीला पायाचा रस्सा देतात, तुपातले डिंकाचे लाडू देतात, दुधातली अळिवाची खीर देतात. यातलं काहीच चालणार नव्हतं.

"मंग घालू काय तुला? दगडं?"

"दगड चालतील, आई. जीव नसतो त्यांच्यात."

आई चिडली आणि हसलीही. तिनं नारळाच्या दुधात खीर केली, खोबरेल तेलात लाडू वळले. शेजारच्या खाला पायाचं सूप घेऊन आल्या. जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या त्या, आईची मैत्रीण. "पी ले बेटी, कमर भरून येईल," त्या म्हणाल्या. "खाला, दुआ द्या, पाया नको," बहीण म्हणाली. खाला आईकडे वळल्या. "तेरी बेटी तो पीरानी बन गई गं. उद्या ताईत मागायला येऊ का?" सगळे हसलो. ते सूप मी प्यालो.

बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व प्राण्यांपासूनच्या अन्नातून मिळतं, ते न खाणाऱ्यानं गोळी घ्यावी, हे बहिणीला माहीत नव्हतं असं नाही. ती त्याची कॅप्सूल घ्यायचीही. पण तिचं वरचं आवरण जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनवतात असं तिनं वाचलं आणि ती बंद केली. दुसरी शोधेपर्यंत फोनवरच्या एका ग्रुपात तिला कळलं की रात्री पाण्यात भिजवून ठेवलेल्या भातात हे जीवनसत्त्व आपोआप तयार होतं. आईला कोण आनंद झाला! शिळा भात म्हणजे आमचं गरिबीतलं खाणं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लेकीच्या पुस्तकात आईच्या घरचं काही बरोबर निघालं होतं. ती रोज एका मातीच्या भांड्यात भात भिजवायची आणि सकाळी लेकीपुढे वाटी ठेवायची. बहिणीच्या तळपायांना मुंग्या यायच्या, जीभ लालभडक होऊन झोंबायची. बाळंतपणात होतं असं, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या ती घेत होती, हिमोग्लोबिन तपासलं होतं आणि ते चांगलं आलं होतं. ते बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगत.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. हे तीन महिने आमच्या वाड्यात बरीच घरं मटण-मच्छी बंद ठेवतात, संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं. सगळं घर एका चुलीवरचं एकच जेवत होतं. बहीण खुशीत होती.

त्याच आठवड्यात आई एकदा स्वयंपाकघरातून मूठ मिटून आली आणि बाळावरून हात फिरवू लागली. बाबांनी तिची मूठ उघडली. आत मीठ आणि सुक्या मिरच्या.

"हे काय चाललंय?"

"पोर हसत न्हाय आता. कुनाची नजर लागली त्याला."

बाबांचा आवाज असा चढला की बाळ दचकायला हवं होतं. "दीक्षा घेतली ती कशाला? या घरात नजर न्हाय, दृष्ट न्हाय! शिकलेली पोरं हायेत माझी!"

बहीणही म्हणाली, "आई, असलं काही नसतं गं."

नसतंच. आमच्या घरात ते कधी चाललं नाही, आणि याचा मला अभिमान आहे. पण त्या दिवशी मिरच्यांबरोबर आईचं पहिलं वाक्यही केरात गेलं. बाळ हसत नाही, हे कुणी उचललंच नाही. बाबांच्या आवाजाला ते दचकलं नाही, हेही नाही. आईनं त्यानंतर तोंड मिटलं ते मिटलंच.

बाळ शहाणं झालंय, असं आम्ही म्हणत होतो. त्रास देत नाही, झोपून असतं, पाळण्यात ठेवलं की छताकडे बघत राहतं. बोटांच्या पेरांवर काळेपणा आला, तो मळ समजून आई डाळीच्या पिठानं हळूहळू चोळायची. तो जायचा नाही. मान धरू लागलेलं बाळ पुन्हा मान टाकू लागलं. बाबांना त्याचं रडणं आधीही ऐकू येत नव्हतं. आता ते आम्हालाही येईना. शेजारच्या शेडमधले लूम बंद पडले की घर इतकं शांत व्हायचं की मी उठून पाळण्यात डोकावायचो.

मग एका दुपारी अंघोळ घालताना त्याचे हात थरथरू लागले. बहिणीनं ओल्या अंगानंच त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्ही रिक्षानं भिवंडीतल्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी बाळाच्या डोळ्यांपुढून बॅटरी फिरवली. बाळ उजेडामागे गेलं नाही. त्यांनी पेरांवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "हा हसायचा कधीपासून थांबला?"

मी बहिणीकडे बघितलं. बहीण आईकडे.

"वर्षावास लागला तवापासनं," आई जमिनीकडे बघत म्हणाली. "आधी खुदुखुदू हसायचा."

"आणि बाळाची आई काय खाते?"

हा प्रश्न ऐकला की आमच्या लोकांच्या अंगावर काटा येतो. पण बहिणीनं सगळं नीट सांगितलं, भिजवलेल्या भातासकट. डॉक्टर रागावल्या नाहीत. रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता बाळाला इंजेक्शन दिलं, मग तिलाही.

"दूध सोडलंत ही चूक नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे रोज दूध पिणाऱ्या घरांतलीही अशी बाळं येतात. सोडलंत त्याच्या जागी काही ठेवलं नाहीत. त्या भातावर भरवसा ठेवता येत नाही. लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी तुमचं हिमोग्लोबिन चांगलं राहिलं आणि आतलं नुकसान झाकलं गेलं. तुमच्या दुधातच ते नव्हतं, तर याला कुठून मिळणार?"

"भरून येईल ना, मॅडम?" मी विचारलं.

"लवकर सापडलं तर बरंचसं येतं." आपलं लवकर सापडलं होतं की उशिरा, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही पुढे विचारलं नाही.

इंजेक्शननंतर थरथर काही दिवस वाढली. तसं होऊ शकतं, हे त्यांनी आधी सांगितलं होतं, तरी बघवत नव्हतं. मग ती ओसरली. बाळ मान उचलू लागलं, भूक लागली की रडू लागलं. रिपोर्टही डॉक्टर म्हणाल्या तसाच आला. बहीण आता प्राण्यांचं काही नसलेली गोळी न चुकता घेते. दूध तिनं घेतलं नाही. आईनं ते एकदाही पुढे केलं नाही.

अश्विनी पौर्णिमेला वर्षावास संपला. दुसऱ्या दिवशी वाड्यात घरोघरी मटण शिजत होतं. बाळाला वरचं अन्न सुरू करा, चालत असेल तर अंडंही द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चालत असेल तर, यावर त्यांनी मुद्दाम जोर दिला होता. बहिणीनं मला अंडं आणायला सांगितलं आणि स्वतः ते उकडलं. आई पुढे झाली तर म्हणाली, "नको. मीच देणार."

"बाय, तुला कसंतरी व्हईल."

"होऊ दे. मोठा झाल्यावर त्याचं त्यानं ठरवावं. पण ठरवण्याइतका तो शहाणा व्हायला हवा ना, आई?"

तिनं पिवळा बलक बोटानं कुस्करला, कोमट पाण्यात कालवला आणि बाळाला मांडीवर बसवलं. ते अजून टेकू दिल्याशिवाय बसत नव्हतं. शेजारच्या शेडमध्ये शिफ्ट बदलत होती, लूम थांबले होते. तिनं चमचा ओठांना लावला. बाळानं तोंड उघडलं, घास आत घेतला आणि तसंच तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत राहिलं.

"गिळ रे," ती म्हणाली. "गिळ ना."

आम्ही चौघं त्याच्या गळ्याकडे बघत होतो.