एका दोऱ्यातल्या दोन चाव्या

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी सेल तर जोरात मारत होती, पण चालू काही होत नव्हती. चावी फिरवली की कुर्र कुर्र करायची, आता उठते असं वाटायचं, आणि गप्प. मागच्या सीटवर मामा, म्हणजे माझे सासरे, उशीला टेकून बसले होते. त्यांना डायलिसिसला बीडला न्यायचं होतं. सणामुळं आदल्या दिवशीची पाळी पुढं ढकललेली; पाय सुजून टम्म झाले होते आणि बसल्या जागी दम लागत होता. उशीर झाला की दवाखान्यात मशीन पुढच्या पेशंटला लावतात. आणि दिंद्रुडहून बीड काही शेजारी नाही.

माझे मालक नोकरीला पुण्यात, त्यामुळं गाडी मीच चालवते. ती शिकले मामांच्या हट्टानं. किराणा दुकानात बसणारी सून स्टेअरिंग धरती म्हणून गल्लीनं लई नाकं मुरडली, तर मामा शेजारच्या सीटवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम हात करायचे. माझं माहेरचं माणूसही माझ्यासाठी एवढं भांडलं नसतं. त्यांचे ते उपकार मी कधी विसरायची नाही.

आवाज ऐकून समोरचे खताच्या दुकानाचे भाऊ धावत आले. "वहिनी, बॅटरी बसली. धक्का मारू."

"बॅटरी बसली असती तर सेल एवढा मारला असता का हो? कान हायत का काय?" मी खेकसलेच. मला राग आला की समोर कोण आहे ते दिसत नाही.

"काल नारळ कुठं फोडला? पाणी आत गेलं असंल," दुसऱ्या कुणी तरी अक्कल पाजळली.

"टायरापुढं फोडला, इंजिनात न्हाई!"

तरी धक्का मारलाच. झेंडूच्या माळेसकट गाडी चौकापर्यंत गेली, तशीच ढकलत परत आली. माझं एवढं बोलणं खाऊनही भाऊंनी खांदा काढला नाही. गल्लीतल्या बाकीच्या गाड्या नारायणगडाला दर्शनाला गेलेल्या. शेवटी भाऊ स्वतःच्या टेम्पोत गादी टाकायला पळाले. पण ज्याला धड बसवत नाही त्या माणसाला टेम्पोच्या हौद्यात हादरे खात कसं न्यायचं?

मी माजलगावच्या मेस्त्रीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पेट्रोल हाय का ताई?"

"परवाच भरलंय."

"मग सेल मारू नका. नुसती चावी फिरवा. मागून घूं असा आवाज येतोय का?"

मामांनीच मागून मान हलवली. येत होता.

"म्हंजी पेट्रोल वर चढतंय. आता मीटरमधी बघा, चावीचं लाल चित्र लुकलुकतंय का?"

लुकलुकत होतं की! एवढ्या दिव्यांत माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं.

"मग इंजिनाला काय बी झालं न्हाई. गाडी तुमची चावी वळखंना. चावीच्या डोक्यात चिप असती. दुसरी चावी लावून बघा."

दुसरी चावी! ती तर लावलेल्या चावीलाच बांधलेली होती. काल पूजेत आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, गाडीच्या दोन्ही चाव्या पाटावर ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं आणि लाल दोऱ्यानं एकमेकींना घट्ट आवळून टाकल्या. जोडी हाय, एकत्र ऱ्हाऊ द्या, म्हणाल्या.

मी हे सांगितल्यावर मेस्त्री हसला. "दोन चिपा येका जागी आल्यावर गाडीनं कुणाला वळखावं? एक लांब करा आधी."

मी चाव्या काढून गाठीला नख लावलं, तोच दारातून आवाज आला, "हात लावू नको त्याला!"

आत्याबाई पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. "सणाला बांधलेली जोडी हाय. लगीच फोडू न्हाई."

"आत्याबाई, जीव मोठा का दोरा मोठा?" माझ्या तोंडून गेलंच. मग त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं आणि गाठीवरचं नख काढलं. मामांच्या किडन्या गेल्यापासून ही बाई कुणापाशी रडली नव्हती. तिनं काल नुसत्या चाव्या बांधल्या नव्हत्या.

मग मागच्या सीटवरून मामा थांबत थांबत म्हणाले, "अगं... जोडी हितं बसलीय. त्या लोखंडाचं काय... घिऊन बसलीस?"

आत्याबाई तरातरा आल्या. माझ्या हातातून चाव्या हिसकल्या. गाठ सुटेना, तर दातानं दोरा तोडला. एक चावी मला दिली, दुसरी लांब नेऊन देवघरात ठेवून आल्या.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. भाऊ टेम्पोतून गादी काढता काढता ओरडले, "पळा आता!" मी काचेतून सगळ्यांना हात जोडले आणि निघाले. मशीन मिळालं. मामा आजही आहेत आणि आजही मीच त्यांना नेते. त्या सकाळच्या एकेका माणसाचं भलं होवो.

चारचौघांत नवऱ्याशेजारी बसणं आत्याबाईंना पटत नाही. पण त्या दिवशी त्या मागंच बसल्या. तेलगाव ओलांडल्यावर मी आरशात बघितलं. मामांचा सुजलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरून मांडीवर घेतला होता आणि पदर डोळ्यांना लावला होता. मामा हळूच म्हणत होते, "हाय ना मी. हाय की." मी आरसा वर सरकवला, आणि मागून कोण हॉर्न मारतंय ते बाजूच्या आरशात बघत गाडी बीडपर्यंत नेली.