केडगावचं लाल कॉकटेल

त्या लालभडक पेल्याची केस मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नगरला मी नवा फौजदार. मे महिन्यातल्या एका दुपारी खबऱ्याने बातमी आणली, केडगावात एक म्हातारा घरीच विनापरवाना विलायती दारूचं कॉकटेल बनवतो. म्हातारा लष्करी मेसमधून निवृत्त झालेला. तीस वर्षं त्याने साहेब लोकांचे पेले भरले होते.

दोन पंच आणि हवालदाराला घेऊन मी छापा घातला. खाटेवर म्हाताऱ्याची आजारी बायको बसली होती. तिच्या हातात लाल पेला. चुलीजवळ लिंबाच्या साली आणि फालशाच्या जांभळ्या फळांचा चोथा.

"यात दारू आहे?"

म्हाताऱ्याने बायकोकडे पाहिलं. "हाय, साहेब."

पंचनामा करून पेला जप्त केला, म्हाताऱ्याला ठाण्यात आणलं. झडतीत बाटली मिळाली नव्हती.

"बाटली कुठे टाकली?"

"संपली."

"आणली कुठून?"

हवालदाराची निम्मी नोकरी हातभट्ट्या फोडण्यात गेली होती. त्याने पेला हुंगला. "साहेब, दारूचा वासच न्हाई. नुसतं लिंबू अन् फालसा हाय."

मी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, चहा मागवला. "बाबा, न केलेला गुन्हा का कबूल करताय?"

त्याचे डोळे भरून आले. "साहेब लोक काय पित्यात, ते एकदा चाखायचं हुतं तिला. साऱ्या जगाला पाजलं, तिला कधी न्हाई. पर तिला औषधं चालू हायत, दारू कशी देऊ? फालशात लिंबू पिळलं की रंग तसाच येतो. तेवढंच दिलं. लई खूश झाली. अन् तुमी तिच्यासमोरच इचारलं. न्हाई कसं म्हनू?"

'दारू आढळली नाही' अशी डायरीत नोंद केली आणि त्याला जीपमधून घरी नेलं. म्हातारी भिंतीला धरून दारात उभी होती.

"साहेब, म्याच मागितली हुती. शिक्षा मला करा."

म्हातारा खाली मान घालून उभा होता. मी आवाज चढवला. "आजी, दारू कडक होती. या खेपेला सोडतो. पुन्हा नको."

"व्हय, कडकच हुती," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. "दोन घोटातच डोकं हलकं झालं माझं."

संशयिताला घरच्यांसमोर प्रश्न विचारणं मी त्या दिवसापासून बंद केलं. पुढच्या नोकरीत कुणी गुन्हा कबूल केला, की तो कुणाच्या देखत कबूल केला हे मी आधी पाहायचो.