साय काढायची मशीन

माझा मोठा भाऊ युरोपात युरेनियमच्या कारखान्यात होता, आणि आम्ही इकडे अमरावतीत त्याच्या भरवशावर लोण्याचे बेत करत होतो. आज हे सांगताना हसू यायला हवं. मला अजून संतापच येतो.

आमचं घर गवळ्याचं. बाबांच्या एलिचपुरी म्हशी होत्या, गावाबाहेर गोठा होता. दूध जास्त झालं की आई कढई चढवून खवा आटवायची. उन्हाळ्यात जरा उशीर झाला की दूध नासायचं आणि आईचा पारा चढायचा. दादाला शेणाचा वास सहन व्हायचा नाही, तो पुस्तकं घेऊन दूर जाऊन बसायचा. इंजिनीअर झाला, साठच्या दशकात परदेशी नोकरीला लागला. तेव्हापासून बाबांची मान जी ताठ झाली, ती झालीच.

मग एका दिवाळीला तो घरी आला. गोठ्यात बाबांनी त्याला सरळच विचारलं, “तुयी कंपनी बनवते काय, गा?”

दादा जरा घुटमळला. “एक उभं नळकांडं असते, बाबा. ते लय जोरात फिरते. जड असते ते कडेले जाते, हलकं ते मधात राह्यते. मंग दोनी अलग काढतात.”

“म्हंजे साय काढाची मशीन,” बाबा म्हणाले.

सगळा जन्म दुधात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? दादा हसला. “तसंच समजा,” म्हणाला. मी तेव्हा कॉलेजात सायन्स शिकत होते, पण मलाही शंका आली नाही. दादा आपल्याशी खोटं बोलेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

तो तिथंच थांबला असता तरी मी समजून घेतलं असतं. बापाला सोपं करून सांगितलं, इतकंच झालं असतं. पण दोन दिवसांनी पाडवा होता. पाडव्याला गवळी म्हशी रंगवतात, शिंगांना मोरपिसं बांधतात आणि डफडं वाजवत मैदानात आणतात. वर्षभराचा खवा कोणत्या हलवायाला घालायचा, हेही आमच्याकडे त्याच दिवशी ठरायचं, आणि एकदा ठरलं की पुढच्या पाडव्यापर्यंत त्यात बदल नाही. त्या दिवशी बाबांनी बडनेऱ्यापासून चांदूर रेल्वेपर्यंतच्या गवळ्यांपुढे सांगून टाकलं की यंदा कोणी हलवायाला शब्द देऊ नका, दूध माझ्याकडे आणा, पोरगा मशीन आणून राहिला, आपण लोणी काढू.

दादा फेटा बांधून त्यांच्या शेजारी उभा होता. एका म्हाताऱ्या गवळ्यानं त्याला तोंडावर विचारलं, “आनशीन ना, बापू?”

“पाह्यतो, काका,” दादा म्हणाला.

बापाच्या शेजारी उभं राहून मुलानं असं म्हटलं की आमची माणसं ते होच धरतात. दादाला हे माहीत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. सगळ्यांनी हलवायांना नकार कळवला. दादा निघून गेला. बाबांनी गोठ्याला लागून टिनाची खोली उठवली, आत फरशी बसवली. कोणीतरी सुचवलं की हातानं फिरवायची मशीन नागपूरला मिळते, तोवर ती घ्या. बाबा भडकले. “घरचं पोरगं असल्या कंपनीत, अन् मी इकत आनू?”

होळी झाली. मशीन येईना. ऊन तापायला लागलं तसं लोकांचं दूध नासायला लागलं, आणि हलवायांनी तोवर दुसरीकडून सोय करून घेतली होती. अशात दादाबरोबर काम केलेला एक जण नोकरी सोडून अकोल्याला, आपल्या घरी परतला. दादानं त्याच्याजवळ बाबांसाठी स्वेटर दिला होता. तो आणायला मी अकोल्याला गेले आणि चहा पिता पिता मशीनची चौकशी केली.

“कोनती साय, ताई?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “तिकडे युरेनियमचा वायू करून फिरवतात. बिजलीघरासाठी. अन् तोच जास्त फिरवला का बॉम्बले बी चालते. तीन देश मिळून कंपनी काढून राहिले, अन् फाटकाबाहेर लोक बोर्ड घेऊन ओरडतात का हे बंद करा. आतलं काई बाहेर सांगाची सोय नाई. त्या कामासाठी तुमच्या दादानं तं तिकडचं नागरिकत्व घेतलं, दिवाळीच्या आदीच. तो आता इकडे राह्याले येत नाई, हे तं तुमाले मालूम असन.”

मला मालूम नव्हतं. युरेनियमचं गुपित त्या देशांचं होतं, ते त्यानं पाळलं, ठीक आहे. पण मी परत येणार नाही, मशीनही येणार नाही, एवढं घरात सांगायला कोणत्या सरकारनं त्याला बंदी केली होती? सगळं ठरवून आला होता तो. तरी फेटा बांधून उभा राहिला आणि आम्हाला सगळ्यांना बुडायला सोडून गेला. अमरावतीला येईपर्यंत मी रागानं रडत होते.

बाबांना मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. नागरिकत्व म्हणजे काय, हेही समजावलं. त्यांनी एकच विचारलं, “दिवाळीच्या आदी?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवळ्यांना टिनाच्या खोलीत बोलावलं. “मशीन सायीचीच हाये,” ते म्हणाले. “सरकार येऊ देत नाई. पोराचा काई दोष नाई त्यात.” माझ्या बापाला मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना ऐकत होते. पुढच्या पाडव्यापर्यंत काय करायचं, हेही कोणी विचारलं नाही. माणसं उठून आपापल्या वाटेनं गेली.

संध्याकाळी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. “मी लोकाइले काय सांगतलं ते त्याले कळवून दे,” म्हणाले. “तो आला तं त्यानं बी तेच सांगावं. नाई तं लोक त्याले खोटा म्हनतीन.”