होल्टकांपांचं पान

आमच्या गावाला शंभर वर्षं झाली तेव्हा, म्हणजे १९७२ साली, एक लाल पुस्तक निघालं. त्यात त्रेचाळीस घराण्यांना एकेक पान आहे. कोण जर्मनीतून इथे कधी आलं, कोणाचं कोणाशी लग्न झालं, किती मुलं झाली, कोण कधी गेलं. हे सगळं माझ्या ओटिली मावशीने स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून टाइप केलं. लोक तिच्याकडे बुटांच्या खोक्यांत फोटो घेऊन यायचे, कॉफी प्यायचे आणि जाताना दारात थांबून म्हणायचे, "ते मात्र घालू नकोस हं, ओटिली."

आणि ती घालायची नाही. लग्नानंतर सहाव्या महिन्यात मूल झालं असेल, तर ती तारखेतला महिनाच गाळायची, नुसतं साल ठेवायची. कोणी छताच्या तुळईला दोर बांधला असेल, तर "अचानक निधन". जेवणाच्या टेबलावर पोराबाळांसमोर मोठ्याने वाचता येणार नाही ते लिहायचं नाही, हा तिचा नियम. "त्यात एक शब्द खोटा दाखव," असं ती ठणकावून सांगायची. खरंच नव्हता. तरी ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लबाड आहे, आणि मी हे रागाने नाही, तीस वर्षं विचार करून म्हणते आहे.

होल्टकांपांच्या पानावर बाप, मुलगा आणि नातू असे तीन पुरुष आहेत. हाइनरिक, १९१२, शेतातला अपघात. ऑगस्ट, १९५३, दीर्घ आजार. एवाल्ड, १९६१, शेतातला अपघात. एवाल्डचा मुलगा ड्वेन. त्याच्याशी मी १९७४च्या जूनमध्ये लग्न केलं.

मावशी आईची थोरली बहीण, आणि माझ्या बाप्तिस्म्याला मला हातात धरणारी ती. तिने लग्न केलं नाही. सतराव्या वर्षापासून ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसली, ते यंत्र बंद होईपर्यंत, तब्बल तेवीस वर्षं. कोणाची गाय विहिरीत पडली, कोणाची सून माहेरी निघून गेली, सगळं तिच्या कानांतून जायचं. नोकरीला लागताना तिने हात वर करून शपथ घेतली होती, की तारेवर ऐकलेलं तोंडातून काढणार नाही. नोकरी संपली तरी शपथ काही संपली नाही. आई तिला चिडवायची, "अगं, आता तरी सांग, बँकवाल्याचं आणि मास्तरणीचं काय होतं?" मावशी बटाटे सोलत राहायची. "बटाटे कोंब धरायला लागलेत," एवढंच म्हणायची.

ड्वेनशी माझं ठरलं हे तिला सांगितलं, तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. तिने चिमटा तोंडात धरला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"कुठला ड्वेन?" शेवटी ती म्हणाली. जसे काही गावात दहा ड्वेन होते.

"होल्टकांपांचा. मावशी, तू त्याला लहानपणापासून ओळखतेस."

"त्याच्या बापालाही ओळखत होते. आजोबालाही."

"मग?"

"नाचतो कसा तो?"

मी हसले. "छान नाचतो. का?"

"काही नाही. बघते कधीतरी," ती म्हणाली.

आणि ती बघायला लागली. वसंतात तीन लग्नं झाली. तिन्हींच्या नाचाला मावशी भिंतीशी खुर्ची टाकून बसली आणि पोल्का सुरू झाला की तिची नजर ड्वेनच्या पायांवर. पायांवर नसेल, तर हातांवर. कॉफीचा कप घेताना त्याची बोटं कशी आहेत, कप बशीत ठेवताना आवाज होतो का. मला ते कळायचं आणि संताप यायचा. वाटायचं, स्वतः लग्न केलं नाही, आता माझ्या नवऱ्यात खोट शोधते आहे. खोट सापडत नव्हती. चोवीस वर्षांचा ड्वेन कुंपणावरून एका हाताच्या आधाराने उडी मारायचा.

लग्न शनिवारी होतं. गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका जमल्या. आमच्याकडे लग्नाचे बटाटे सगळ्या मिळून सोलतात, आणि त्याच वेळी आहेर टेबलावर मांडून ठेवतात, सगळ्यांना बघायला. मावशीने बायबल आणलं होतं, काळ्या कातड्याचं, जाडजूड, मधे घराण्याच्या नोंदींची कोरी पानं असलेलं. ते तिने टेबलावर ठेवलं नाही, माझ्या हातात दिलं.

"आमच्या ब्रुंकहोर्स्टांच्या घरात नवरी चर्चला जायच्या आधी स्वतःच्या हाताने नाव लिहिते," ती म्हणाली. "तुझ्या आजीने लिहिलं, तुझ्या आईने लिहिलं. उद्या एकटी बस. ती पानं उघड आणि लिही. घाईत लिहू नकोस."

"नाही लिहिणार घाईत."

"आधी उघड, मार्लिस. मग लिही."

तिचा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट होता, की बटाट्याचं पाणी माझ्या बाहीत उतरलं.

ती तळघरातून वर गेली आणि माझ्या होणाऱ्या सासूबाई, हिल्डेगार्ड, माझ्याजवळ आल्या. बाई सरळ पाठीची, बोलायला गोड. "अगोबाई, केवढं सुंदर," त्या म्हणाल्या आणि बायबलावरून हात फिरवला. "आमच्यात मुलाची आई सुनेचं नाव लिहिते. माझ्या सासूने माझं लिहिलं होतं. दे इकडे, माझं अक्षर बरं आहे."

मला मावशीचं बोलणं आठवलं. पण समोर सासू, आजूबाजूला वीस बायका, आणि मी आमच्या गावात वाढलेली. आमच्याकडे मुलींना 'नको' हा शब्द शिकवत नाहीत. मी म्हटलं, "हो, घ्या ना." तेवढ्यात सगळं घडून गेलं.

रविवारी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, बायबल परत आलं. माझं नाव, ड्वेनचं नाव, तारीख, निळ्या शाईत, एकही डाग नाही. अक्षर खरंच बरं होतं.

लग्नात चर्चच्या मधल्या वाटेने जाताना मी मावशीकडे बघून हसले. तिने डोळे मिटले आणि ती रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. नाचाच्या वेळी ती माझ्याजवळ आली, माझे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "तू ठरवलंस. आता मी कधी काही बोलणार नाही." मला वाटलं, अखेर ड्वेन पसंत पडला.

दोन वर्षांनी रेने झाली. मावशी दवाखान्यात आली, पोरीला मांडीवर घेऊन तिची बोटं एकेक करून उलगडत बसली. "एवढी हिंमत माझ्यात नसती, मार्लिस," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, सगळ्याच बायका बाळंत होतात." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भलतंच बोलले.

१९८८ साली ती गेली. झोपेत, शांतपणे, लाल पुस्तकात तिने जशी सगळ्यांची मरणं लिहिली तशी.

तीन वर्षांनी ड्वेनच्या हातून बोल्ट पडायला लागले. आधी हसण्यावारी गेलं. मग कॉफी सांडायला लागली. मग मका पेरताना ओळी वाकड्या जायला लागल्या, आणि जो माणूस दोरी लावल्यासारखी पेरणी करायचा तो ट्रॅक्टरवरून उतरून त्या ओळींकडे बघत उभा राहायचा. चालताना एक पाय उगाच बाहेर फेकायचा. एकदा दुकानाबाहेर एका म्हाताऱ्याने त्याला येताना पाहिलं आणि सहज म्हणाला, "होल्टकांपांची चाल लागली वाटतं." म्हणजे त्या चालीला गावात नावही होतं. फक्त मला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, हंटिंग्टन. रक्तातून येतो, औषध नाही, आणि मुलांपैकी निम्म्यांना होतो. घरी येऊन मी लाल पुस्तक काढलं. हाइनरिक जनावरांच्या पाण्याच्या टाकीत का बुडाला, एवाल्ड सायलोवरून, चाऱ्याच्या त्या उंच कोठारावरून, का पडला, म्हणजे ते 'शेतातले अपघात' काय होते, ते मला त्या एका बैठकीत कळलं. सासूबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या वेळी असल्या गोष्टींना नावं नव्हती गं," आणि त्यांनी पाव कापायला घेतला.

ड्वेन दहा वर्षं झिजला. शेवटी त्याला भरवताना मी त्याचं मनगट टेबलावर दाबून धरायची. त्या दहा वर्षांत मी एकाच माणसाला शिव्या घातल्या, ओटिली मावशीला. सगळ्या गावाच्या तारा जिच्या कानात, तिला हे ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं आणि माझे गाल धरून उभी राहिली? मे महिन्यात आम्ही कॉफीच्या डब्यांतून फुलं नेऊन कबरींवर ठेवतो. माझ्या आईवर, वडिलांवर, पुढे ड्वेनवर. मावशीच्या दगडापाशी मी बारा वर्षं थांबले नाही. शेजारणी बघायच्या, पण आमच्याकडे कोणी विचारत नाही.

गेल्या मार्चमध्ये सासूबाई वारल्या. शिवणयंत्राच्या खणात, गुंड्यांच्या डब्याखाली, एक पाकीट सापडलं. वर माझं नाव, मावशीच्या टाइपरायटरचं, त्यातला 'र' नेहमी जरा खाली यायचा. कडेने नीट, सुरीने उघडलेलं.

आत एकच कागद होता.

"मार्लिस, १९५१च्या नोव्हेंबरात मनोरुग्णालयातून हिल्डेगार्डला फोन आला. तो मी जोडला आणि कानाला लावलेलं यंत्र काढलं नाही. ऑगस्टचा आजार रक्तातला आहे, त्याच्या प्रत्येक मुलाला आणि त्यापुढच्या मुलांना होऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. हिल्डेगार्डने सगळं ऐकून घेतलं, मागे ड्वेन रडत होता. ऐकलेलं बोलायचं नाही अशी माझी शपथ आहे. लिहायचं नाही असं त्यात नव्हतं. तू नाव लिहायच्या आधी हे वाचावंस. लग्न मोडलंस तर दोष मी घेईन. केलंस तर मी पुन्हा कधी बोलणार नाही."

मी त्या शिवणयंत्रापाशी बसले आणि तोंडात एप्रन कोंबून रडले. ती चौदा वर्षं मला धाडसी समजत होती. मी बारा वर्षं तिला नीच समजत होते. आणि मधे सासूबाईंनी ते बायबलाच्या पानांतून काढून, वाचून, घडी करून, गुंड्यांखाली ठेवलं. जाळलं का नाही, हे मला आजही कळत नाही.

आता रेनेचं लग्न ठरलेलं, जूनमध्येच. मुलाचं नाव कर्टिस ल्यूबेन, पलीकडच्या तालुक्यातला, दुधाचा धंदा. रेने सत्तावीस वर्षांची. आपल्याला आहे की नाही, ही तपासणी तिने केलेली नाही. कर्टिसला तिने एवढंच सांगितलं होतं, की बाबा दीर्घ आजाराने गेले. मला बजावलं होतं, "आई, मी सांगेन त्याला. लग्न होऊ दे." आणि मी गप्प होते. गुंड्यांचा डबा माझ्याही घरात होता, इतकंच.

लग्नाच्या आधीच्या रविवारी दोघं जेवायला आली. हॅम, बटाट्याचं सॅलड, काकडीचं लोणचं. प्रार्थना झाली आणि मी एप्रनच्या खिशातून कागद काढला.

"आई," रेने म्हणाली. तिने कागद ओळखला नव्हता, पण माझा चेहरा ओळखला.

मी मोठ्याने वाचलं. जेवणाच्या टेबलावर. पूर्ण. मग निम्म्या मुलांचं जे डॉक्टर म्हणाले तेही सांगितलं.

कर्टिस उठला, टोपी घेतली आणि बाहेर गेला. खिडकीतून तो दिसत होता, मक्याच्या कडेने चालताना. मका गुडघ्याएवढा झाला होता.

"झालं समाधान?" रेने म्हणाली. "तुझं सुख झालं, आता माझं नको?"

"त्याला ठरवू दे. मला कोणी ठरवू दिलं नाही."

"आणि ठरवू दिलं असतं तर? तू हे वाचलं असतंस, तर मी असते?"

याचं उत्तर मी मार्चपासून शोधत होते. तिने ताट बाजूला सारलं.

अर्ध्या तासाने कर्टिस आत आला. बूट दारात काढले, हात धुतले, खुर्चीत बसला. मावशीचं काळं बायबल कपाटावर होतं. त्याने ते विचारून घेतलं, नोंदींची पानं उघडली आणि रेनेसमोर ठेवलं.

"तुमच्यात लग्नाआधी लिहितात ना?" तो म्हणाला. "मग लिही."

रेने त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पेन घेतलं. माझ्या नावाखाली, सासूबाईंच्या त्या सुबक निळ्या ओळीखाली, तिने लिहायला सुरुवात केली. नाव लांब आहे, रेने हिल्डेगार्ड होल्टकांप, वेळ लागला. मी अक्षरं वाचत नव्हते. मी तिच्या बोटांकडे बघत होते. मान वर केली तर कर्टिसही तेच बघत होता, आणि रेने, मान खाली घालून लिहीत असतानाच, हलक्या आवाजात म्हणाली, "बघा. नीट बघून घ्या दोघं."